ब्राऊझरमधला कॉम्प्युटर : यंत्र कोणाचे, माल कोणाच्या गोदामात?

प्रोग्रॅमिंग शिकून त्यावर पोट भरू पाहणाऱ्या होतकरू तरुणापुढे पहिला प्रश्न भांडवलाचा असतो. घरातला ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालवून घ्यावा, की कर्ज काढून नवा आणावा? अलीकडे त्याला तिसरा मार्ग सांगितला जातो. काही विकत घेऊ नका, काही बसवू नका. ब्राऊझर उघडा, त्यातच डेस्कटॉप, फायली, टर्मिनल सगळे मिळेल. यात खोटे काही नाही. मात्र एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू बाजारात आहेत आणि त्यांतला फरक न कळल्याने नुकसान होते.

पहिली वस्तू म्हणजे नुसता दर्शनी भाग. खिडक्या, आयकॉन, फोल्डर दिसतात, पण खाली खरी ऑपरेटिंग सिस्टीम नसते. बार्सिलोनाच्या 'आयओएस' नावाच्या मंडळींनी २००५ सालीच असा डेस्कटॉप काढला होता. (अॅपलच्या फोनमधली आयओएस ती वेगळी.) फायली ठेवायला ठीक, धंद्याचे प्रोग्रॅमिंग त्यावर होत नाही.

दुसरी वस्तू भाड्याच्या यंत्राची. प्रोग्रॅम चालतो दूरच्या डेटा सेंटरमध्ये, तुमचा ब्राऊझर ही फक्त खिडकी. गिटहब कोडस्पेसेस याच जातीचे. जुन्या लॅपटॉपवाल्याला खरा आधार इथेच आहे, कारण भार दुसऱ्याच्या यंत्रावर पडतो. पण इंटरनेट गेले की हात थांबले, आणि मीटर तासाचे. वैयक्तिक खात्याला कोडस्पेसेस महिन्याला १२० 'कोअर तास' फुकट देते. दोन कोअरचे यंत्र घेतले तर ते ६० तास होतात, म्हणजे दिवसाला दोन तास. चार कोअरचे घेतले तर ३०. शिकणाऱ्याला हे पुरते, पूर्ण वेळ काम करणाऱ्याला पुरत नाही. शिवाय बंद पडून राहिलेली कोडस्पेस सर्वसाधारणपणे ३० दिवसांनी पुसली जाते. दुकान मालकाच्या मर्जीवर असते हेही ध्यानात ठेवावे. क्लाऊड९ ही अशीच सेवा अॅमेझॉनने २०१६ मध्ये विकत घेतली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या गिऱ्हाइकांसाठी तिचे दार बंद केले.

तिसरी वस्तू सर्वांत नवलाची. २०११ साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने जावास्क्रिप्टमध्ये एक संपूर्ण काल्पनिक पीसी लिहिला आणि त्यात लिनक्स सुरू करून दाखवली. त्या पीसीचा प्रोसेसर कोठेच नाही. त्याला दिलेली प्रत्येक आज्ञा ब्राऊझर वाचतो आणि तिचा परिणाम स्वतः घडवून आणतो. साहजिकच हे काम संथ होते. पुढे २०१७ पर्यंत चारही मोठ्या ब्राऊझरांत वेबअसेम्ब्ली आली. तिच्यामुळे सी सारख्या भाषांतील प्रोग्रॅम ब्राऊझरमध्ये जवळजवळ मूळ वेगाने धावू लागले. २०२१ मध्ये स्टॅकब्लिट्झने वेबकंटेनर आणले; त्यांत नोड.जेएस थेट ब्राऊझरच्या टॅबमध्ये चालते.

इथे तासाचे भाडे नाही, कारण यंत्र तुमचेच. पण याचा अर्थ रॅमही तुमचीच. लॅपटॉप कमजोर म्हणून जो तरुण या वाटेने जातो, त्याच्याच लॅपटॉपवर सारे ओझे येते! दुसरी अडचण नेटवर्कची. ब्राऊझर कोणत्याही पानाला बाहेरच्या सर्व्हरशी वाटेल तशी थेट जोडणी करू देत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या डेटाबेसला जोडायचे झाले तर मध्ये दुसरा सर्व्हर ठेवावा लागतो.

सर्वांत मोठा धोका मालाचा. या प्रकारात फायली बहुधा ब्राऊझरच्या स्वतःच्या साठ्यात राहतात. 'साइट डेटा' साफ केला की त्या गेल्या. इन्कॉग्निटो खिडकी मिटली की त्या गेल्या. सफारीवर तर २०२० पासून नियम असा की, ब्राऊझर वापरात असून सात दिवसांत त्या साइटला तुम्ही हात लावला नाही, तर तिचा साठा पुसला जातो. गिऱ्हाइकाला 'ब्राऊझरने खाल्ले' हे उत्तर देता येत नाही. म्हणून रोज उठण्यापूर्वी काम गिटच्या भांडारात पाठवावे किंवा फाईल डिस्कवर उतरवून घ्यावी.

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या बंधूंना मात्र तिसरी वस्तू मी निःसंकोच सुचवीन. विद्यार्थ्याने चुकून सगळी सिस्टीम पुसली तरी पान पुन्हा उघडताच कोरे यंत्र हजर. क्लासच्या पीसीला धक्का नाही, दुरुस्तीवाल्याला फोन नाही.

ज्याला रोजचे काम करून पैसे मिळवायचे आहेत, त्याने आधी त्याच ४ जीबीच्या लॅपटॉपवर एखादी हलकी लिनक्स बसवून पाहावी. तिला ना भाडे, ना मीटर. जड काम आले तेवढ्यापुरते यंत्र भाड्याने घ्यावे, आणि काम संपताच ते स्वतःच्या हाताने बंद करावे. नुसता टॅब मिटल्याने मीटर लगेच थांबत नाही.