मिठाईचा डबा आणि आमचे कटपीस

माटुंग्यात पुडी बांधण्याची रीत जुनी आहे. फूलबाजारात गजरा पानात बांधून मिळतो. कॉफीच्या दुकानात बिया समोर दळून पुडी हाती देतात. वस्तू घरी पोचली की पुडीचे काम संपले. दिवाळी आणि लग्नसराईत मात्र आता उलट चालले आहे. काजूकतली संपते, डबा घरात राहतो. जाड पुठ्ठ्याचा, वर ब्रोकेड किंवा रॉ सिल्क चिकटवलेला हा डबा पुढे बांगड्या ठेवायला उपयोगी पडतो.

याला कायद्याचीही जोड मिळाली. मिठाईच्या डब्यांभोवती गुंडाळायच्या प्लास्टिक फिल्मवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. चमक आता कापडाने आणि जरीनेच आणावी लागते. म्हणजे काम आपल्या दारी आले आहे.

हिशेब पाहा. ८ इंच चौरस आणि दीड इंच काठाच्या झाकणाला दुमडीसह १२ इंच चौरस कापड लागते. ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटरमधून अशी ९ झाकणे निघतात. ज्या कटपीसला गिऱ्हाईक नसते, त्याला येथे भाव आहे.

पण आम्ही एकदा ठोकर खाल्ली आहे. एका दुकानदाराला लाल ब्रोकेडचे डबे दिले आणि हौसेने आतूनही तेच कापड लावले. तुपाने रंग सुटला, मिठाई लाल झाली, सारा माल परत आला. नुकसान आमचे, आणि दोषही आमचाच. खाद्यपदार्थाला रंगीत कापड, जरी किंवा खळ लागता कामा नये. आत खाद्यपदार्थासाठीचाच कोरा कागद किंवा वेगळा ट्रे हवा. १ जुलै २०१९ पासून लागू असलेल्या अन्न-वेष्टनाच्या नियमांनुसार छापील बाजूही पदार्थाला लागू देता येत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. डबा जड झाला की तो मिठाईबरोबर तोलण्याचा मोह होतो. वजन निव्वळ मिठाईचेच धरले पाहिजे. डब्याचे दाम वेगळे सांगावे. मापात खोट असलेला धंदा टिकत नाही.

कारागीर बंधूंनो, सणाच्या तोंडावर धावू नका. दोन महिने आधी चार नमुने बनवा, त्यांत तुपाची मिठाई आठवडाभर ठेवून पाहा, आणि मगच दुकानाची पायरी चढा.