पायाला विचारा

नगरहून मोहटादेवीला निघालो, भिंगार मागे पडले, की तासाभरात करंजी घाट येतो. सह्याद्रीतल्या घाटांपुढे हा अगदीच किरकोळ. म्हणूनच त्याचे भय कुणाला वाटत नाही. 2011 च्या नवरात्रात आम्हालाही वाटले नव्हते.

जीप भाच्याची. गाडीत आम्ही सातजण, त्यात माझी थोरली बहीण, आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांची नात. उतार सुरू झाला, पुढे कांद्याचा ट्रक दिसला आणि भाच्याने ब्रेकवर पाय दिला. गाडी हळू झाली, पण हवी तेवढी होईना. "मामा, पेडल दगडासारखं झालंय!" एवढेच तो बोलला. दोन्ही पाय ब्रेकवर, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, मग पहिल्यावर. ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. कुणीच काही बोलले नाही. बहिणीने नातीला उराशी इतके घट्ट धरले होते, की ती रडू लागली.

या जीपचा भाच्याला कोण अभिमान! मूळची जुनी पेट्रोल जीप. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले. मग रुबाबासाठी मोठे, रुंद टायर आले. वेग वाढला म्हणून पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक लावले आणि सोबत दुसऱ्या गाडीचा बूस्टरही आला. प्रत्येक वस्तू चांगली होती, पैसेही चोख मोजलेले. तरी ब्रेक दुबळा!

दुसऱ्या दिवशी गाडी सावकाश चालवत नगरला एका जुन्या वस्तादाकडे नेली. मला वाटले, हा आता चाके खोलणार. पण त्याने पान्याला हातही लावला नाही. सीटवर बसला आणि म्हणाला, "साहेब, आधी पायाला विचारायचं, मग पान्याला."

मग त्याने जो धडा दिला, तो मी बँकेच्या सवयीने डायरीत उतरवून घेतला. पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर नळीत हवा शिरलेली असते. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले किंवा कुठेतरी तेल गळते आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक कमी धरतो आहे. सपाटीवर ठीक आणि लांब उतारावर निकामी होत असेल, तर तो उष्णतेचा खेळ: पट्टे तापून पकड सोडतात, नाहीतर जुने तेल उकळते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा पिते. साध्या डॉट-3 तेलाचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. आणि पेडल वरच राहून टणक लागत असेल, तर बूस्टरकडे बघायचे.

आमचे पेडल टणक होते. वस्तादाने इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा ब्रेक दाबला, पाय तसाच दाबून धरला आणि इंजिन सुरू केले. बूस्टर काम करत असेल, तर या क्षणी पेडल किंचित खाली सरकते. आमचे जागचे हलले नाही. त्याने बॉनेट उघडले, एका नळीवर बोट ठेवले आणि हसला. "बिरेक चांगला आहे. बूस्टर उपाशी आहे!"

बूस्टर चालतो निर्वातावर. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की हवेच्या वाटेवरची झडप मिटते, इंजिन हवेसाठी ओढ घेते आणि ती ओढ बूस्टरला मिळते. आपल्याकडच्या जुन्या डिझेल इंजिनांना अशी झडपच नाही. हवा मोकळी आत जाते, ओढ निर्माण होत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पुष्कळदा तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. आमच्या कारागिराने पेट्रोल गाडीच्या सवयीने नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडून दिली होती.

"मग जुने ड्रम बूस्टरशिवाय कसे लागत होते?" मी विचारले. वस्ताद म्हणाला, ड्रममध्ये फिरते चाकच पट्ट्याला आत ओढून घेते. डिस्कला ती आयती मदत नाही, तिथे सगळा जोर पायाचा किंवा बूस्टरचा. त्यात टायर मोठे. चाकाची त्रिज्या दहा टक्के वाढली, की तोच ब्रेक जमिनीवर सुमारे नऊ टक्के कमी पडतो. आणि वेग चाळीसचा साठ झाला, तर थोपवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. गावात, एकट्या माणसाला घेऊन हे जाणवले नाही. घाटात, सातजणांसह जाणवले.

नगर तसे गाड्यांचे गाव. चिलखती दलाचे केंद्र इथे आहे, 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. लष्करी वाहने घडवणारी, तपासणारी 'व्हीआरडीई' ही संरक्षण संशोधन संस्थाही इथलीच. जिथे वाहनांना परीक्षा दिल्याशिवाय सोडत नाहीत, त्याच गावातून आम्ही बिनपरीक्षेची जीप घेऊन देवीला निघालो होतो!

दोष एकट्या भाच्याला कसा देऊ? मी जन्मभर वाहनकर्जाच्या फायली तपासल्या. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, विमा, सारे डोळ्यांत तेल घालून. या जीपच्या पुस्तकावर 'पेट्रोल' लिहिलेले होते आणि धूर डिझेलचा निघत होता, हे मला दिसत नव्हते का? मोटार वाहन कायद्याचे कलम 52 असे परस्पर बदल करू देत नाही. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेला विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितले. मी बँकेत त्यावर बोट ठेवले असते. घरच्या गाडीत मात्र मामा होऊन मुकाट्याने बसलो.

वस्तादाने पंपवाला अल्टरनेटर बसवला, तेल बदलले, मूळ मापाचे टायर घालायला लावले. परवानगीच्या कागदांसाठी भाच्याबरोबर मी स्वतः खेटे घातले.

अजूनही नवरात्रात भाचा निघण्याआधी अंगणात इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबतो. ओट्यावर बसलेली बहीण मोठ्याने मोजते, "एक, दोन, तीन, चार..." मग किल्ली फिरते. "खाली गेलं का रे?" ती विचारते. "गेलं, आई," असे उत्तर आल्याशिवाय ती ओट्यावरून उठत नाही.