जहाजाने जावे की एस.टी.ने?

आमच्या इमारतीतले भाऊ महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रजा घेतली ती लग्नाला, मयताला आणि आजारपणाला. फिरायला म्हणून एकदाही नाही. फंडाचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी घराचे कर्ज फेडले, मुलीच्या शिक्षणासाठी रक्कम बाजूला टाकली आणि एक लाख रुपये वेगळ्या पाकिटात ठेवून जाहीर केले, "हे सहलीचे. याला कुणी हात लावायचा नाही."

त्याच दिवसापासून घरात वाद सुरू झाला. मुलाने मोबाईलवर जाहिरात दाखवली : मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री, आलिशान जहाज, खाणे आत, नाचगाणे आत. भाऊंचे म्हणणे, एवढ्या पैशात आठवडाभर कोकण पाहून होईल. शेवटी एका रविवारी संध्याकाळी भाऊ कागद-पेन घेऊन आमच्याकडे आले. "जयभीम. तुम्ही पेपरात लिहिता. तुम्हीच हिशोब करा," म्हणाले. मागोमाग वहिनी आल्या, पोरे आली आणि काठी टेकत त्यांची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आईही आली. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसायला जागा उरली नाही.

हा प्रश्न एकट्या भाऊंच्या घरचा नाही. आज ना उद्या तो अनेक घरांत येणार आहे, म्हणून त्या संध्याकाळी काय झाले ते सविस्तर सांगतो.

प्रथम जहाजाची गोष्ट. समुद्रमार्गे गोव्याला जाणे मुंबईला नवे नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकण किनाऱ्याला आगबोटी जात होत्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीपर्यंत. 'रोहिणी', 'कोकणसेवक' ही नावे जुन्या माणसांना अजून पाठ आहेत. गिरणीत, गोदीत, म्युन्सिपाल्टीत पोट भरायला आलेला कोकणातला माणूस याच बोटीने आला. ती चैन नव्हती, ती एस.टी. होती पाण्यावरची. 1980 च्या दशकात ती बंद पडली. पुढे 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि बोटीची गरज संपली, असे सगळ्यांना वाटले. पण 2018 साली 'आंग्रिया' नावाचे जहाज मुंबई-गोवा सुरू झाले आणि 2021 पासून 'एम्प्रेस' या 1990 साली बांधलेल्या, सुमारे 210 मीटर लांबीच्या मोठ्या जहाजाच्या सहली मुंबईहून निघू लागल्या. आता मात्र ती एस.टी. राहिली नाही. आता ते तरंगते हॉटेल आहे. कुठे तरी पोहोचण्यासाठी त्यात बसायचे नसते. बसणे हीच सहल.

आता हिशोब. जहाजाचे भाडे रोज हलते, म्हणून आम्ही येथे आकडा देतो तो फक्त रीत समजावी म्हणून. समजा, जाहिरातीत माणशी पंधरा हजार लिहिले आहे. ते बहुधा एका खोलीत दोघे राहतील असे धरून आणि सर्वांत स्वस्त खोलीचे असते. ही खोली जहाजाच्या आतल्या अंगाला, बिनखिडकीची. त्यावर बंदराचे शुल्क, सेवेचे पैसे आणि जी.एस.टी. चढतो. पंधराचे वीस व्हायला वेळ लागत नाही. जेवण आत धरलेले असते, पण थंड पेये, इंटरनेट, गोव्यात उतरल्यावरची गाडी हे बहुतेक वेळा वेगळे. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा : सगळे कर धरून, शेवटचा आकडा किती? तोही तोंडी नको, कागदावर हवा. एका खोलीत तिसरा-चौथा माणूस घेतला तर त्याचे भाडे कमी पडते का, हेही विचारावे.

पाच माणसांचे वीस हजारांप्रमाणे झाले एक लाख. पाकीट रिकामे.

मग जमिनीचा हिशोब मांडला. मुंबई ते मडगाव रेल्वेचा साधा स्लीपर माणशी चार-पाचशे रुपयांच्या आसपास. पाच जणांचे जाऊन-येऊन साडेचार हजार धरले. साध्या लॉजच्या दोन खोल्या, पाच रात्री, रोजचे अठराशेप्रमाणे अठरा हजार. जेवणखाण पंधरा हजार. रिक्षा, जीप, होडी आठ हजार. बेरीज साडेपंचेचाळीस हजार. जहाजावर दोन रात्री एक लाखात आणि इथे पाच रात्री निम्म्याहून कमीत!

एस.टी.ने गेले तर आणखी वाचतात. मार्च 2023 पासून राज्याच्या हद्दीत महिलांना निम्मे तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट आहे. पासष्टच्या पुढे निम्मे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा लागतो एवढेच. म्हणजे आजीचे तिकीट शून्य, वहिनींचे आणि मुलीचे अर्धे. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये काढून घेतली ती परत दिलेली नाही. आणखी एक लक्षात ठेवा. रेल्वेचे आरक्षण पूर्वी चार महिने आधी खुले होत असे, नोव्हेंबर 2024 पासून ते साठ दिवस आधी होते. जुन्या सवयीवर राहिलात तर दिवस चुकेल.

शिवाय जमिनीवरून गेलो तर वाटेत उतरता येते. मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे, दापोलीजवळ पन्हाळेकाजीची लेणी आहेत, रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा आहे. जहाज या सगळ्याला वळसा घालून रात्रीच्या अंधारात पुढे निघून जाते. गोव्यालाही ते काही तासच थांबते. उतरलेल्या माणसाने ठरल्या वेळेला परत यायचे, नाही तर जहाज त्याला सोडून निघते.

एवढे सांगून आम्ही पेन खाली ठेवले. आमच्या मते निकाल लागला होता. भाऊ खूष. पोरगा हिरमुसला. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेल्या वहिनी बोलल्या.

"सगळा हिशोब केला. भाकरी कोण थापणार, ते नाही लिहिलं."

आम्ही म्हणालो, वहिनी, लॉजवर राहायचे, खानावळीत जेवायचे. त्या हसल्या. "असं ठरतं इथं बसून. तिकडं गेलं की नणंद म्हणते, लॉजवर कशाला, घर आहे ना. मग घरी पंधरा माणसं. चूल पेटते पहाटे. मी गेली सव्वीस वर्षं सुट्टीत गावी जाते ती दुसऱ्याच्या चुलीपुढं बसायला." वहिनी शाळेत पोषण आहार शिजवतात. सकाळी शंभर-दीडशे पोरांची खिचडी आणि मग घरचा स्वयंपाक. "जहाजावर माझ्याकडं कुणी चहा मागणार नाही. मला गोवा नको, मला दोन दिवस नको ते हात धुणं."

खोलीत कोणी बोलेना. खरे सांगायचे तर आम्हालाही मान खाली घालावी लागली. आमच्या घरची मंडळी दारात उभी राहून ऐकत होती आणि आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, त्याचा अर्थ आम्हाला बरोबर कळला. लॉजच्या भाड्याची बेरीज करताना घरच्या बाईच्या श्रमाचा रकाना आम्ही आखलाच नव्हता.

त्यानंतर आजीने तोंड उघडले. त्यांचे माहेर-सासर दोन्ही गुहागर तालुक्यात, जयगडच्या खाडीच्या तवसाळकडच्या बाजूला. लग्न होऊन मुंबईला आल्या त्या आगबोटीने. जयगडला बोट लांब पाण्यात उभी राहायची. पडावातून माणसे तिथवर न्यायची आणि लाटेचा अंदाज घेऊन खलाशी हाताला धरून वर ओढायचा. "डेकवर पथारी टाकून आले. रातभर ओकत होते. लुगड्याचा पदर ओला. साठ वर्षं झाली." मग थोडे थांबून म्हणाल्या, "एकदा बोटीवर गादीवर निजायचं आहे."

आता कागदावरचा हिशोब पुन्हा मांडावा लागला. जहाजाचे भाडे डोक्यामागे असते. जमिनीवर खोली आणि गाडी सगळ्यांत वाटली जाते. म्हणून मोठ्या कुटुंबाला जहाज महाग आणि दोन माणसांना त्या मानाने सोसण्याजोगे. सगळ्यांनी एकत्रच गेले पाहिजे, हा हट्ट सोडला की वाट निघते. आम्ही सुचवले, सासू-सुनेला पाठवा. एक खोली, दोघी. चाळीस हजार. उरलेल्या साठात दिवाळीच्या सुट्टीत पाचही जण कोकणात जा, मात्र लॉज आधी ठरवून, आगाऊ पैसे भरून, म्हणजे नणंदेला सांगायला कारण राहील. भाऊंनी दोन दिवस विचार केला. मुलगा तर म्हणाला, जहाजाचा शोध मी लावला आणि जाणार आई! पण शेवटी तसेच ठरले. हप्त्याने पैसे भरा असा आग्रह करणारा फोन मध्येच आला होता, तो भाऊंनी ठेवून दिला, हे उत्तम केले. सहल दोन दिवसांत संपते, हप्ता वर्षभर दार ठोठावतो.

काही गोष्टी आम्ही चौकशी करून त्यांना सांगितल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. खोली मागताना जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागावी, तेथे हेलकावा कमी लागतो. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा. आजींना रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका असे बजावले. आल्याचा तुकडा जवळ ठेवावा. बरे वाटेनासे झाले तर बिनखिडकीच्या खोलीत न पडता वर मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहत बसावे. रोजची औषधे मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठी बॅग आधी घेतात आणि खोलीवर उशिरा येते. दिवस भरत आलेल्या बाईला आणि अगदी तान्ह्या मुलाला बहुतेक जहाजांवर घेत नाहीत. पैसे भरण्याआधी विचारावे. तारीख बदलली किंवा रद्द केली तर किती कापतात, हेही आधीच. सरकारी-निमसरकारी नोकरीत असाल आणि प्रवास सवलत घ्यायची असेल, तर जहाजाचे भाडे मिळते का हे कार्यालयाकडून लेखी घ्या, सोबत्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि ज्यांना ना लाख जमतात ना चाळीस हजार, त्यांनी समुद्र सोडून द्यायचा का? मुळीच नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च 2020 पासून गाड्याही नेणारी मोठी रो-रो बोट जाते. तासाभराचा प्रवास, काही शे रुपये. गेटवेवरून घारापुरीला लाँच जाते, फक्त सोमवारी लेणी बंद असतात. कोकणात तर आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटी खाडी ओलांडून देतात. माणसाला तिकीट किरकोळ. पोरांना जहाजाची हौस यात पुष्कळ भागते, असा आमचा अनुभव आहे.

सासू-सुना फेब्रुवारीत जाऊन आल्या. त्या दोन दिवसांत भाऊंनी आणि मुलाने खिचडी केली, ती खाली लागली, तो वास आमच्या घरापर्यंत आला. वहिनींना पहिल्या रात्री उलटी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला झोपल्या त्या पाचला उठल्या. "तीन तास! कुणी उठवलं नाही," हे त्यांनी आमच्या घरी चार वेळा सांगितले. गोव्यात त्या उतरल्याच नाहीत. जेवणाला मासे होते, पण आपल्यासारखे नव्हते म्हणाल्या. खाली मात्र काही ठेवले नाही.

आजींना गादी मऊ वाटली आणि झोप लागली नाही. रात्री सुनेला घेऊन त्या वरच्या मजल्यावर जाऊन बसल्या आणि जो दिसेल त्या पोऱ्याला विचारू लागल्या, "जयगड कुठं आलं?" कोणाला सांगता येईना. लांबवर एक-दोन दिवे होते. ते जयगडचे असतील असे वहिनींनी सांगून टाकले. आजींना ते पटले नाही.

दिवाळीत पाचही जण एस.टी.ने कोकणात गेले आणि लॉजवरच राहिले. नणंद दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी तीच डबा घेऊन लॉजवर आली. जयगडला फेरीबोटीत बसून सगळे तवसाळला उतरले, आजी मात्र उतरेनात. बोट परत जयगडला गेली, पुन्हा तवसाळला आली. भाऊ किनाऱ्यावर उभे राहून हाका मारत होते. तिसऱ्या फेरीला तिकीट फाडणाऱ्या पोराने त्यांच्याकडे पैसेच मागितले नाहीत.