पिछाडी आधी, नाळ नंतर

ऊस भरलेली दोनचाकी ट्रॉली ज्याला मागे घेता येते, त्याला उमरगा तालुक्यात ड्रायव्हर म्हणतात. बाकीचे नुसते ट्रॅक्टर चालवतात. ट्रॉलीची शेपूट डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे मारायचं, ती वळायला लागली की लगेच उलट कापायचं. जरा उशीर झाला की ट्रॅक्टर-ट्रॉली काटकोनात अडकून बसतात आणि मागचे हॉर्न वाजवायला लागतात. पुढे जाताना ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, मागे येताना ढकलतो, आणि पिनवर ढकललेली वस्तू सरळ राहायला तयार नसते. सगळी कटकट एवढ्यातच आहे.

आता याच माणसाच्या हातात आउटबोर्ड इंजिनाची छोटी बोट द्या आणि ती मागे मागे घेत धक्क्याला लावायला सांगा. समुद्र उमरग्यापासून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे हे काम ट्रॉलीहून अवघड असणार असं कुणालाही वाटेल. पण निम्मं काम ट्रॉलीपेक्षा सोपं निघतं.

मरीना म्हणजे बोटी शेजारी शेजारी उभ्या करायचा धक्का. आपल्याकडे असे धक्के फारसे नाहीत. कोचीजवळ बोलगट्टी बेटावर एक आहे. भूमध्य समुद्राच्या काठी मात्र बोट मागून लावायचीच रीत आहे. पिछाडी धक्क्याला, नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक पाण्याकडे. जागा कमी लागते आणि मागच्या सपाट फळीवरून थेट धक्क्यावर पाय टाकता येतो.

हे मागे येणं आउटबोर्डला सोपं का जातं, ते लाँचशी ताडून बघा. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचचं इंजिन पोटात असतं. पंखा मागे, आणि त्याच्याही मागे सुकाणू. पुढे जाताना पंख्याचा झोत सुकाणूवर आदळतो म्हणून लाँच वळते. रिव्हर्स टाकला की झोत उलटा, पुढच्या दिशेला जातो आणि सुकाणू जवळजवळ निकामी होतं. आउटबोर्डला सुकाणूच नसतं. मागच्या फळीला अडकवलेलं अख्खं इंजिन, पाण्यातल्या पंख्यासकट, डावी-उजवीकडे फिरतं. म्हणजे जोर जिथे लागतो तिथेच दिशाही ठरते, आणि रिव्हर्समध्येही हा हुकूम कायम राहतो. चाक डावीकडे फिरवून रिव्हर्स टाका, पिछाडी डावीकडेच जाते. उलटं काही लक्षात ठेवायचं नाही. मधे पिन नाही, की ढकलणं नाही. पंखा पिछाडीला धरून खेचतो आणि नाळ मागून येते.

खरी गंमत पुढे आहे. लहान बोटींना चाक नसतं, इंजिनाला लांब दांडा असतो. दांडा उजवीकडे ढकलला की पंखा डावीकडे जातो, आणि रिव्हर्समध्ये पिछाडीही डावीकडे. आमच्या ट्रॉलीवाल्याच्या हाताला हीच सवय आहे! चाकाच्या बोटीत त्याला शिकलेलं विसरावं लागेल, दांड्याच्या बोटीत तो पहिल्याच दिवशी भाव खाऊन जाईल.

अर्थात पाण्याला ब्रेक नसतो. गिअर न्यूट्रलला आला की बोट सरकत राहते, पण वळवणारा जोर गेलेला असतो. म्हणून आधी इंजिन हव्या त्या बाजूला फिरवायचं, मग सेकंद-दोन सेकंद गिअर, की पुन्हा न्यूट्रल. जास्त रेस देऊन काही मिळत नाही. पंख्याची पाती पुढे ढकलण्यासाठीच घडवलेली असतात, मागे खेचायला ती कमी पडतात. शिवाय बऱ्याच आउटबोर्डांचा धूर पंख्याच्या मधल्या नळीतून पाण्यात सोडलेला असतो. मागे जाताना पंखा स्वतःच्याच धुरात फिरतो आणि पाण्याऐवजी बुडबुडे कापतो. त्यातच मागची फळी बुटकी. घाईने मागे आलात तर पाणी तिच्यावरून सरळ आत.

आणि वारा. पिछाडीला इंजिनाचा पाय पाण्यात खोल रुतलेला, नाळ मात्र उंच आणि हलकी. वारा पहिला धक्का नाळेलाच देतो. पण पिछाडी वाऱ्याच्या तोंडावर धरून मागे सरकलात, तर तोच वारा नाळेला मागे ढकलत ठेवतो आणि बोट आपोआप सरळ राहते. वाऱ्याशी भांडायचं नाही, त्याच्याकडे पाठ करून त्याच्यावर चालून जायचं. वारा उलट बाजूने, नाळेवरून आला, की हीच नाळ बाजूला होऊन पुढे निघायला बघते.

नाळेची आणखी एक खोड आहे. पुढे जाताना बोट नाळेपासून साधारण एक-तृतीयांश अंतरावरच्या बिंदूभोवती वळते, म्हणून पिछाडी झाडू मारते. मागे जाताना हा बिंदू पिछाडीकडे सरकतो आणि झाडू नाळेच्या हातात येतो. चालवणारा मान वळवून धक्क्याकडे बघत असतो, आणि पुढे नाळ शेजारच्याची बोट खरवडते. नवख्यांचे ओरखडे बहुधा पुढेच असतात.

दोर बांधताना वाऱ्याकडचा आधी. तो बसला की बोट फार तर वाऱ्याखालच्या बाजूला झुकते, आणि उरलेले दोर सावकाश बांधता येतात.

ओले एव्हिनरूडने अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९०९ मध्ये आउटबोर्ड इंजिनं विकायला सुरुवात केली, तेव्हापासून हे यंत्र मच्छीमारांपासून सैन्यापर्यंत सगळीकडे पोचलं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात उमरग्याच्याच जिल्ह्यातल्या परंडा, भूम भागात एनडीआरएफच्या बोटी उतरल्या, त्यांनाही असंच इंजिन असतं. पण पाण्यात माणूस असेल तेव्हा वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवायचं. फिरतं पातं पिछाडीला असतं. बुडणाऱ्याकडे पिछाडी कधीच न्यायची नाही. नाळ पुढे घालून जायचं आणि हात देण्याआधी इंजिन न्यूट्रलला आणायचं, शक्य झालं तर बंदच करायचं.