आपल्या शाळेच्या संगणकाला ताप का आला?

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेचा संगणक सारखा बंद पडत होता, हे तुम्हांला माहीतच आहे. दहा-पंधरा मिनिटे चाले, मग आतला पंखा मोठ्याने घरघरे आणि पडदा एकदम काळा होई. शेवटी मीच त्यावर बसले होते. म्हणून सगळे म्हणू लागले, "हिनेच बिघडवला!" मला दोन दिवस डबा गोड लागला नाही. कोणी तर म्हणाले, आता तो भंगारात घाला. पण खरे कारण निराळेच निघाले. ते मी येथे लिहीत आहे.

माझा मामा तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करतो. शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी त्याला बोलावले. त्याने पेटी उघडून मला आतला प्रोसेसर दाखवला. हा संगणकाचा मेंदू. सगळी आकडेमोड तोच करतो आणि ती करताना खूप तापतो. त्याची उष्णता ओढून घेण्यासाठी त्यावर ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा बसवतात. ठोकळ्यावर पंखा असतो.

या दोघांच्या मध्ये मलम लावलेले असते. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. मी विचारले, "मामा, ठोकळा घट्ट बसवला की झाले, मलम कशाला?"

मामा म्हणाला, "अगं, धातू हाताला गुळगुळीत लागतो, पण त्यावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात. त्यांत हवा अडकते. ॲल्युमिनियममधून उष्णता जाते त्याच्या हजारो पटींनी कमी ती हवेतून जाते. मलम ते खड्डे भरून काढते."

हे मलम बहुधा सिलिकॉनच्या तेलात झिंक ऑक्साइडसारखी बारीक पूड कालवून करतात. ते म्हातारे कसे होते, ते पाहा:

1) लोणच्याच्या बरणीत तेल वेगळे होते, तसे यातलेही तेल हळूहळू वेगळे होऊन कडेला सरकते. मध्ये कोरडी पूड उरते.

2) उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात व थंड झाल्यावर आकुंचन पावतात, हे आपण शिकलो आहोत. संगणक रोज चालू-बंद होतो. दोन्ही धातू रोज थोडे थोडे हलतात आणि मधले मलम कडेने बाहेर ढकलले जाते.

3) सुकलेल्या मलमाला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. भेगांत पुन्हा हवा शिरते.

मग उष्णता बाहेर पडत नाही. पंखा जोरात फिरतो, प्रोसेसर आपले काम मंद करतो. तरीही उष्णता 100 अंशांच्या आसपास गेली, की संगणक आपणहून बंद होतो. म्हणजे आपला संगणक मेला नव्हता. तो स्वतःचा जीव वाचवत होता!

मामाने संगणक थोडा वेळ चालवून मलम मऊ केले. मग बंद करून वायर काढली आणि ठोकळा हलकेच फिरवून सोडवला. एकदम उपटला तर प्रोसेसरही खाचेतून उपटून येतो. जुने मलम खडूच्या भुकटीसारखे झाले होते. नऊ वर्षांत ते कोणी बदललेच नव्हते. मामाने ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, पात्यांतली धूळ ब्रशने झाडली आणि मधोमध वाटाण्याएवढे नवे मलम ठेवले. मी म्हटले, "अजून लाव ना!" तो हसला. "थर जाड झाला तर उष्णतेची वाटच लांबते. मलम हवेपेक्षा बरे, पण धातूची सर त्याला नाही."

आधी उष्णता 96 अंश दिसत होती. नंतर तेच काम करताना 64 अंश दिसली.

पालकांनो, मलम अमुकच वर्षांनी बदलावे असा नियम नाही. पंखा सारखा ओरडू लागला, संगणक तापून मंद झाला, की आधी धूळ काढावी, मग मलम तपासून घ्यावे. नवा संगणक घेण्यापेक्षा हे फार स्वस्त पडते.

आणि मित्रांनो, माझा कोणावर राग नाही. पण वस्तू बंद पडली, की शेवटचा हात कोणाचा होता हे विचारण्याआधी आत काय झाले ते पाहू या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 7 वी