एका बालकापुरती कथा : गंभीर आजारी मुलांसाठी कथालेखनाचे स्वरूप व पथ्ये

प्रस्तावना

बालसाहित्याची समीक्षा सामान्यतः 'बालवाचक' हा एक समूह गृहीत धरून चालते. मात्र एकाच मुलासाठी, त्याच्या आजारपणात, त्याचे घर, आवडीनिवडी व भीती ध्यानात घेऊन लिहिलेली कथा हा एक स्वतंत्र लेखनप्रकार मानावा लागेल. नवी मुंबईच्या संदर्भात तो दूरचा नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) आणि त्याच केंद्राची खारघर येथील संस्था यांमुळे कर्करोगग्रस्त मुलांची कुटुंबे गावे सोडून या परिसरात महिनोन्‌महिने राहतात. मुलांमध्ये अधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतात. एवढ्या काळात मुलाला काय सांगावे, हा प्रश्न टाळता येत नाही.

पूर्वपरंपरा

बिअट्रिक्स पॉटर यांनी ४ सप्टेंबर १८९३ रोजी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, सचित्र पत्र लिहिले. त्यातूनच पुढे (१९०२) 'पीटर रॅबिट' हे पुस्तक साकारले. पत्रात आजाराविषयी उपदेश नाही. आहे तो खोडकर ससा, आणि शेवटी तोही आजारी पडून अंथरुणात जातो. ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांची 'पिप्पी' १९४१ मध्ये न्यूमोनियाने आजारी असलेल्या मुलीच्या हट्टातून जन्मली. नायिकेचे नाव त्या मुलीनेच सुचवले होते. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९७८ मध्ये कर्करोगग्रस्त नऊ वर्षांच्या डगीने जीवन-मृत्यूविषयी विचारलेल्या प्रश्नांना रंगीत चित्रांसह लिखित उत्तर दिले.

मराठीत हा पेच संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (२००४) या चित्रपटाने मांडला. शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार, हे त्याला सांगायचे कसे? आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर नेतात आणि दिवसभर जग दाखवतात. शब्द सापडत नाहीत, तेथे कथेचे काम सुरू होते.

सत्याचा प्रश्न

मुलाला काही कळत नाही, हा समज टिकणारा नाही. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली लहान मुले, कोणी न सांगताही, आपली अवस्था ओळखून असल्याचे दाखवले. मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून तीही न कळल्याचे सोंग करतात. मग कथेने खोटे बोलून साधते काय? 'काही होणार नाही' असे सांगणारी कथा पुढच्या सुईबरोबरच खोटी ठरते आणि सांगणाऱ्यावरचा विश्वासही घेऊन जाते.

याहून घातक प्रकार म्हणजे शूर नायकाने आजाराला हरवल्याची कथा. औषध लागू पडले नाही, तर दोष आपल्या धैर्याचा, असे मूल समजते. हा साचा सर्वाधिक लोकप्रिय आहे, हे दुर्दैव होय. 'देवाघरी गेला', 'झोपी गेला' हे आपले सौम्य शब्दही जपून वापरावेत. पाच वर्षांखालील मूल मृत्यूला बहुधा झोप किंवा प्रवास समजते. त्याला पुढे झोपेचीच धास्ती वाटू शकते.

कथेची घडण

लेखनापूर्वी पालकांकडून तीन गोष्टी समजून घ्याव्यात : मुलाला काय सांगितले आहे, ते आजाराला कोणत्या नावाने ओळखते आणि त्याला सर्वाधिक भीती कशाची वाटते. उपचारांचा पुढील क्रम डॉक्टरांकडून कळतो. हा तपशील कथेचा कणा ठरतो. स्टेरॉइडमुळे अवेळी भूक लागते व चेहरा सुजतो. काही औषधांनी तोंड येते. डॉनोरुबिसिन या लाल औषधाने लघवीचा रंग बदलतो आणि मूल घाबरते. कथेतल्या अस्वलाला रात्री दोन वाजता भूक लागली, त्याची शूही लाल झाली आणि आईने 'औषधाचा रंग आहे' असे सांगितले, तर मुलाला त्या गोष्टीत ओळखीचा सोबती भेटतो. पाठीतल्या इंजेक्शनच्या वेळी अस्वलाने गुडघे पोटाशी घेऊन पडावे; पण दुखले नाही, असे म्हणू नये.

भाषा आणि भूगोलही मुलाचाच हवा. समजा, मूल महाप्याचे आहे. मग पारसिकची टेकडी, ठाणे-बेलापूर रस्त्यावरची बस, औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला गेलेले वडील हे सारे कथेत यावे. घरी आगरी बोली असेल, तर अस्वलाची आजी आगरीतच बोलेल. प्रमाण मराठीचा आग्रह येथे अनाठायी आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी हे विशेषत्वाने ध्यानात घ्यावे.

पहिला मसुदा वाचताना मूल दुरुस्त्या सुचवते, त्या स्वीकाराव्यात. अस्वलाऐवजी जेसीबी हवा असेल, तर जेसीबी. भावंडांना कथेत जागा द्यावी, कारण घरातली त्यांची जागा या काळात आपोआप आक्रसते. शेवट मात्र बरे होण्यावर बांधू नये. एखादा दिवस संपणे, आईच्या कुशीत कूस बदलणे, एवढ्यावर कथा थांबू शकते.

मर्यादा

असे लेखन वैद्यकीय समुपदेशनाचा पर्याय नाही. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेतून हा उपक्रम घेतल्यास रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची परवानगी आणि पालकांची लेखी संमती आवश्यक आहे. अहवालात, छायाचित्रांत वा नियतकालिकात मुलाचे नाव येता कामा नये. मुळात उपक्रमाचा पुरावा म्हणून कथेची प्रतच जोडू नये. ती प्रत कुटुंबाची असते आणि मूल राहिले नाही, तरीही ती त्यांच्याकडेच राहते.