शिडी काढून घेतली, दार उघडे ठेवले

न्यूयॉर्क शहरात स्टायव्हेसंट नावाची एक सरकारी शाळा आहे. फी नाही, देणगी नाही, कुणाची चिठ्ठी चालत नाही. एक लेखी परीक्षा द्यायची आणि गुणांच्या क्रमाने आत जायचे. २०१९ साली या शाळेने नववीसाठी ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला. त्यात कृष्णवर्णीय मुले किती होती? फक्त ७. २०२३ साली ७६२ जणांना प्रवेश देऊ केला. त्यातही कृष्णवर्णीय ७ च. आणि हे कुठल्या शहरात? ज्या शहराच्या सरकारी शाळांत शिकणारी जवळजवळ दोन तृतीयांश मुले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत, त्या शहरात!

आपल्याकडचे गुणवत्तेचे ठेकेदार हा आकडा ऐकून काय म्हणतील, हे सांगायला ज्योतिषी नको. दार सर्वांना उघडे आहे, परीक्षा एकच आहे, कागदावर जात-वर्ण काही दिसत नाही. मग जे आत गेले ते लायक आणि जे बाहेर राहिले ते नालायक. २००६ साली उच्च शिक्षणातील ओबीसी आरक्षणाविरुद्ध झाडू घेऊन रस्त्यावर उतरलेल्या भावी डॉक्टरांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. म्हणूनच न्यूयॉर्कच्या या दाराची हकीकत आपण नीट समजून घेतली पाहिजे.

अमेरिकेतील सर्वांत मोठी सरकारी शाळाव्यवस्था न्यूयॉर्कची. तेथे आठ नामांकित हायस्कुलांत केवळ एका परीक्षेवर प्रवेश मिळतो. दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक मुले ती देतात आणि जागा असतात चार हजारांच्या आसपास. मुलाचे शाळेतील गुण, शिक्षकांचे मत, घरची परिस्थिती यांपैकी काहीही मोजले जात नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराचे पुढचे आयुष्य सुमारे तीन तासांत ठरते. परीक्षेची तयारी वर्गात फारशी होत नाही. ती होते खासगी शिकवण्यांत. ज्याच्या बापाकडे शिकवणीचे पैसे आहेत, किंवा ज्याच्या समाजाला या परीक्षेची वाट आधीपासून माहीत आहे, तो पुढे.

ही परीक्षा म्हणजे काही निसर्गनियम नाही. १९७१ साली शहराच्या शिक्षणखात्याने ती कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन मुलांवर अन्याय करते का, हे तपासायचे ठरविले. तपासणीची नुसती चाहूल लागताच प्रस्थापितांचे धाबे दणाणले आणि त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळात हेक्ट-कॅलांड्रा कायदा मंजूर झाला. जुन्या तीन शाळांचे प्रवेश परीक्षेनेच व्हावेत, असे कायद्यातच लिहून टाकले. गुणवत्ता स्वयंसिद्ध असेल तर तिला कायद्याचे कुंपण कशाला लागते? २०१८ साली महापौर बिल डी ब्लासिओ यांनी परीक्षा रद्द करून शहरातील प्रत्येक मिडल स्कूलच्या पहिल्या काही टक्के मुलांना प्रवेश द्यावा, असा प्रस्ताव मांडला. पण २०१९ साली तो विधिमंडळातच अडला. कुंपण आजही उभे आहे.

परंतु खरी मेख पुढेच आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच आठांपैकी ब्रुकलिन टेक या शाळेत निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती. कायदा तोच होता आणि प्रवेश तेव्हाही लेखी परीक्षेनेच होत होता. मग चाळीस वर्षांत त्या समाजाची बुद्धी आटली काय? बुद्धी आटली नाही, वाट बंद झाली. तेव्हा कृष्णवर्णीय वस्त्यांतील शाळांतही हुशार मुलांच्या वेगळ्या तुकड्या होत्या. तेथे गणित पक्के करून घेतले जाई, शिक्षक स्वतः मुलांना परीक्षेला बसवीत. पुढे या तुकड्या एकेक करून बंद पडत गेल्या. २००८ साली शहराने सरसकट एकच नियम केला : 'गिफ्टेड अँड टॅलेंटेड' वर्गात बसायचे तर चार वर्षांच्या मुलाने शहरभर एकच असलेली चाचणी द्यायची आणि ठरलेली गुणरेषा ओलांडायची. नियम सर्वांना सारखा! परिणाम असा की गरीब वस्त्यांत ती रेषा ओलांडणारी पोरे पुरेशी निघेनात, म्हणून तेथे वर्गच उघडेनात. ब्राँक्समधील ७ आणि १२ तसेच ब्रुकलिनमधील १६ आणि २३ क्रमांकांच्या शाळा-विभागांत कित्येक वर्षे असा एकही वर्ग नव्हता. २०१६ साली ओरड झाल्यावर तेथे तिसरीपासून वर्ग सुरू करावे लागले. चार वर्षांच्या लेकरांची ती चाचणी २०२१ साली बंद झाली आणि २०२२ साली प्रत्येक विभागात असे वर्ग देण्याचा निर्णय झाला. तोवर एक अख्खी पिढी वाया गेली होती.

याला म्हणतात शिडी काढून घेणे आणि दार उघडे ठेवणे. वरच्या मजल्यावरचे दार सताड उघडे आहे, असे सांगणारा खोटे बोलत नसतो. जिना कुणी आणि केव्हा मोडला, एवढेच तो सांगत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. या शाळांतील निम्म्याहून अधिक जागा आज आशियाई वंशाच्या मुलांना मिळतात आणि त्यांतील पुष्कळ मुले गरीब स्थलांतरित घरांतील आहेत. आई-बाप हॉटेलात, कपड्यांच्या कारखान्यात राबून शिकवणीची फी भरतात. परीक्षा रद्द करण्याला सर्वांत कडवा विरोध याच पालकांनी केला. त्यांना शत्रू ठरविणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. थोड्या जागा ठेवायच्या आणि दोन वंचित समाजांना त्यांवर झुंजवत ठेवायचे, ही व्यवस्थेची जुनी चाल आपण येथेही पाहतो. चांगल्या शाळा आठच का, हा प्रश्न मग कुणी विचारतच नाही.

उपाय नाही असे मात्र नाही. ब्रुकलिनच्या १५ क्रमांकाच्या विभागाने २०१८ साली मिडल स्कूलच्या प्रवेशातील गुण, हजेरी, मुलाखत असल्या सगळ्या चाळण्या काढून टाकल्या. प्रवेश सोडतीने ठेवले आणि ५२ टक्के जागांवर गरीब, बेघर आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना प्राधान्य दिले. पहिल्याच वर्षी श्रीमंतांच्या शाळांत गरिबांची मुले बसली. ही गोष्ट पालकांनी आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी रेटून घडवून आणली. याच शहरात ३ फेब्रुवारी १९६४ रोजी साडेचार लाखांहून अधिक मुलांनी वेगळ्या, निकृष्ट शाळांविरुद्ध शाळाबंद केला होता. हक्क मागितल्याशिवाय कुणी देत नाही, हे त्या समाजाला ठाऊक आहे.

याच न्यूयॉर्कमध्ये, हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले. परत आल्यावर १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावर बोलताना त्यांनी जे बजावले, त्याचा आशय असा होता : मागे पडलेल्यांना बरोबरीला आणायचे असेल तर त्यांना झुकते माप दिल्याखेरीज दुसरा इलाज नाही. असमानांना एकच नियम लावणे म्हणजे समता नव्हे.

आता आपल्या अंगणात पाहू. २०२० पासून मुंबई महापालिकेने आपल्या काही शाळा सीबीएसई, आयसीएसई मंडळांना जोडल्या आणि पालकांची तेथे झुंबड उडाली. सोडत निघते, हे ठीक. पण सोडत हे शेवटचे दार झाले. या शाळा कोणत्या वॉर्डात निघतात, झोपडपट्टीपासून किती अंतरावर, अर्ज ऑनलाइन भरायला बाईला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते का, हे प्रश्न दारापूर्वीचे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव जागांतून मोकळे करण्याचा नियम काढला होता. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तीही शिडी काढून घेण्याचीच तयारी होती; वेळीच ओळखली म्हणून फसली.

आपल्या कार्यकर्त्यांनी निकालाच्या यादीत आपली किती पोरे लागली, एवढेच मोजून थांबू नये. आपल्या वस्तीतील शाळेत गणिताचा शिक्षक आहे का, चौथीची आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा बंद पडून पाचवी-आठवीला गेली तेव्हा आपल्या किती मुलांना तिच्यासाठी बसवले, नवी शाळा निघाली ती कुणाच्या दारात, याचा हिशेब वॉर्डावॉर्डात मागावा. दाराशी भांडण करायचेच आहे. पण त्याआधी शिडीचा जाब विचारायला हवा.